रांगोळीवरचा पंजा

बेलखेडी, ता. संग्रामपूर
३० डिसेंबर २०२४

नीरजे,

जय भीम. पाकीट पाहून तू दचकली अशीन. घाबरू नको, घरचे सारे धड हायेत. सासूबाई ठणठणीत, नागसेन तिकडे मेहकरले कंडक्टरकी करून राह्यला, पोरगी अभ्यास सोडून बाकी सारं करते. फुटल्या त्या माह्या मधपेट्या.

परवा सकाळी आमराईत गेली तर तीन पेट्या उताण्या पडलेल्या. झाकणं इकडे, चौकटी तिकडे, पोळ्यायचा चावून चोथा केलेला. सातेरी माश्या बिचाऱ्या बाभळीच्या फांदीवर घोस करून बसल्या होत्या. मागून बचत गटातल्या बाया आल्या, त्यायनं पाह्यलं अन् एकीच्या तोंडून शब्द निघाला, अस्वल! झालं. चहाले आधण येईस्तोवर साऱ्या गावात अस्वल.

तुले इथली गोष्ट माहीत नाही म्हणून सांगते. आमचे उपसरपंच उद्धवभाऊ. त्यायचा मोठा भाऊ कडूबा, मोहफुलं वेचायले गेला होता तेव्हा अस्वलानं धरला. एक डोळा गेला, अर्धं तोंड गेलं. तेव्हापासून तो माणूस तोंडाले दुपट्टा बांधून घरातच राह्यते, लग्नाले नाही, सभेले नाही. म्हणून अस्वल म्हटलं की हे गाव दारं लावून घेते. उद्धवभाऊ सरळ म्हणाले, "वहिनी, मधाच्या वासानं जनावर गावाजवळ येऊन राह्यलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पेट्या हटवायचा ठराव मांडतो. राग धरू नका."

राग कायचा धरू? खरंच अस्वल असलं तर ठराव-बिराव काही नको, मी स्वतः पेट्या गाडीत घालून नेईन. शाळेची लेकरं त्याच वाटेनं जातात वं. पण अस्वल नसलं अन् फुकट माह्या पेट्या उठल्या तर? या गावात मी आजवर केसरबाईची सून होती, कंडक्टरची बायको होती. पेट्या आल्या तेव्हापासून लोक मले 'मधवाली धम्मशीला' म्हणतात. ते नाव मले लय गोड लागते. ते मी भेवापायी सोडणार नाही.

आता काम सांगते. ठिबकची नळी गळत होती तिथं चिखलात एक ठसा भेटला. बाकी सारी जमीन दगडावानी. मी नव्या साडीचं प्लास्टिक त्याच्यावर अंथरलं, स्केच पेननं काढला अन् मग कागदावर उतरवला. फोटो पाठवला असता, पण फोटोत माप कुठं कळते? अन् इथं टाकीवर चढल्याबिगर रेंज येत नाही. म्हणून हे पाकीट. कॉलेजात प्राण्यांच्या पेपरात तू पहिली यायची, अन् आता लोणारले पोट्ट्यांले जंगल शिकवते. सांग मले, हे कोण हाय?

तुही,
धम्मशीला

---

(पोस्टकार्ड)

लोणार
३ जानेवारी २०२५

प्रिय धम्मशीला,

ठसा मिळाला. पाच बोटं, पुढे लांब नखं, ठशाची लांबी पाहता हे अस्वलाचं पिल्लूच. आणि पिल्लू आहे म्हणजे आई जवळपास असणारच! अगं, उशीर करू नकोस, पेट्या ताबडतोब हलव. एकटी आमराईत जाऊ नकोस. शाळेत तपासणी चालू आहे, म्हणून घाईत कार्ड टाकते.

तुझी नीरजा

---

बेलखेडी
७ जानेवारी

नीरजाबाई, विदुषी, प्राणिशास्त्राच्या राणी,

कार्ड काऊन टाकलं वं? कार्ड! उघडं! तुह्या बापानं पाकिटाले पैसे नव्हते देले का?

आमच्या गावात साऱ्यायचं टपाल अन्नपूर्णाबाईच्या किराणा दुकानात ठेवतात. तिथं गल्ल्याजवळ एक खिळा हाय, त्याच्यावर कार्डं टोचून ठेवायची पद्धत. ज्याले तेल-मीठ घ्यायचं तो आधी खिळा पाह्यते. तुहं कार्ड आलं सकाळी. दुपारी मी साखर आणायले गेली तर पारावरचे म्हातारे मले पाहून उठून उभे राह्यले. अन्नपूर्णाबाई म्हणे, "बाई, आई जवळपासच असणार म्हणते तुही मैत्रीण, तू एकटी कायले आली?" तिले पूर्ण कार्ड पाठ होतं. 'ताबडतोब' सुद्धा.

संध्याकाळी उद्धवभाऊ कार्ड घेऊनच घरी आले. "वहिनी, आता तर तुमच्याच मॅडमनं लिहून देलं." सासूबाईनं तर देव्हाऱ्यातल्या बाबासाहेबाच्या फोटोपुढं हात जोडून सांगतलं की सूनबाईच्या डोक्यातलं मधाचं भूत उतरू दे.

पण नीरजे, राग बाजूले ठेवून एक गोष्ट आयक. तुहं म्हणणं मले पटत नाही. एक म्हणजे एवढं लहान पिल्लू स्वतःच्या पायानं कायले हिंडीन? अस्वलीण त्याले पाठीवर घेऊन चालते, हे मले तुह्यापेक्षा बरं माहीत हाय, मी अस्वलाच्या मुलखात राह्यते. दुसरं, आई आली असती तर तिचा थाळीएवढा पंजा कुठं तरी उमटला असता ना? तिसरं, पेट्या वरून फोडल्या नाहीत. खालून माती उकरून उलथवल्या. उकीर इतका बारीक की कोणी खुरपं चालवलं असं वाटते. अन् तिथं असा वास मारते की काय सांगू, मांजरीनं घाण केली त्याच्या दसपट.

म्हणून पुन्हा पाह्य. कागद धरून नीट पाह्य. जंगलचौकीवरच्या वनरक्षक रेणुकाताईले निरोप धाडला हाय, ती येऊन पाहीन. ग्रामसभेले अजून दिवस हायेत.

अन् यावेळेस पाकीट. डिंक लावलेलं.

धम्मशीला

---

लोणार
१० जानेवारी

प्रिय धम्मा,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग कानाला हात लावले. माझंच चुकलं. तपासणीच्या गडबडीत तुझा कागद टेबलावर ठेवून वरवर पाहिला आणि मास्तरणीसारखा निकाल ठोकून दिला. तो निकाल तुझ्या गावात खिळ्यावर टांगला जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. उद्धवभाऊंपुढे तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे, याचं मला फार वाईट वाटतंय.

आता ऐक! तुझं पत्र आलं त्याच दिवशी तो कागद मी खिडकीच्या काचेवर उन्हात धरला. अगं, तू एक ठसा नाही काढलेलास, दोन काढले आहेत! एकावर एक! पुढचा पाय पडला आणि चालता चालता मागचा पाय त्याच्या टाचेवर पडला. म्हणून लांबी एवढी दिसली. टाचेच्या जागी जी नक्षी आहे ना, ती बोटं आहेत, मागच्या पायाची, आखूड नखांची. वेगळे करून पाहिले तर पुढचा पंजा माझ्या चार बोटांत मावतो. नखांच्या खुणा मात्र बोटांच्या पुष्कळ पुढे, उकरणाऱ्याची नखं आहेत ती.

धम्मा, हा बिज्जू आहे! पुस्तकात त्याला चांदी अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी त्याचं काही नातं नाही. तो पाणमांजराच्या गोतातला. पाठ पांढरी, पोट काळं, कान असून नसल्यासारखे, शेपूट आखूड. मध म्हटलं की जीव टाकतो. माश्या डसल्या तरी जाड कातड्याला काही वाटत नाही. आणि तो वास त्याचाच.

पण मी एकदा तोंडघशी पडले आहे, म्हणून आता खात्री झाल्याशिवाय तूही कुणाला सांगू नकोस. बिज्जू कबरी उकरतो या समजुतीने त्याला कबरबिज्जूही म्हणतात, पण आपल्याकडे त्या नावाने लोक बहुतेक वेळा उदमांजर दाखवतात. ते झाडावर राहतं, फळं खातं, शेपूट हातभर, आणि त्याच्या ठशात नखं जेमतेम टोचल्यासारखी दिसतात. मुंगसाचा ठसा इवलासा, आणि ते दिवसा फिरतं. पाणमांजराची बोटं पसरट, मध्ये पडदा असतो, शिवाय ते पाणी सोडून तुझ्या आमराईत कशाला येईल? बिज्जूची बोटं जवळजवळ एका रांगेत, एकमेकांना चिकटून. त्यांच्यापुढे मोकळी जागा आणि मग नखं. ती मोकळी जागा शोध.

तुला सांगते, मीही बिज्जू कधी पाहिलेला नाही. गेल्या वर्षी सरोवराच्या काठच्या देवळाजवळ एक जनावर दिसलं आणि मी मुलांपुढे ओरडले, "पाहा, बिज्जू!" तेवढ्यात ते झाडावर चढलं आणि हातभर शेपूट खाली लोंबायला लागली. अजून मुलं वर्गात विचारतात, "मॅडम, बिज्जूची शेपूट किती लांब असते?" म्हणून मला तुझा हेवा वाटतोय.

चुलीतली राख पिठाच्या चाळणीने चाळ आणि पेट्यांभोवती बोटाच्या पेराएवढी पसर. सकाळी ऊन यायच्या आत पाहा.

पाकीट आहे. डिंकही लावलाय, आणि वरून चिकटपट्टी!

तुझी नीरजा

---

बेलखेडी
१६ जानेवारी

नीरजे,

कुठून सुरू करू? हसू की रडू तेच समजून नाही राह्यलं.

तू सांगतल्याप्रमाणं राख पसरली. पहिल्या दिवशी उद्धवभाऊचं कुत्रं लोळून गेलं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच गेली अन् नीरजे, तो होता! पाच बोटं एका ओळीत, पुढं मोकळी जागा, अन् मग नखं! पुढचा वेगळा, मागचा वेगळा, जसा कोणी ठप्पा मारून गेला. आमराईत मी एकटीच नाचली. खरं सांगते, पदर खोचून नाचली.

रेणुकाताई त्याच दिवशी येणार होती. मी रस्त्यापर्यंत तिले घ्यायले गेली. घरून निघताना सासूबाईले सांगून गेली की जंगलखात्याची ताई आमराई पाह्यले येऊन राह्यली, तुम्ही चहा ठेवा. एवढंच सांगतलं वं. राखेले हात लावू नका हे सांगायचं माह्या ध्यानात नाही आलं. कोण कायले हात लावीन राखेले!

ताईले घेऊन आमराईत आली तर पेट्यायभोवती झाडून लख्ख. शेणाचा सडा. अन् मधोमध ही एवढी मोठी रांगोळी, कमळ काढलेलं, पाकळ्यायत गुलाल भरलेला. बाजूले सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून उभ्या. "या ताई," म्हणतात, "लय कचरा होता, सूनबाईनं तशीच राख सांडून ठेवली होती. सरकारी माणसापुढं आमची इज्जत जाते ना."

रेणुकाताई भली, तिनं हसू दाबलं. म्हणे, "वहिनी, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः पाहिल्याशिवाय ग्रामसभेत अस्वल नाही असं कसं सांगू? उद्या कोणाले काही झालं तर?" तिचे कॅमेरे सारे आत डोंगरात बांधलेले हायेत, इतक्यात भेटत नाहीत. सव्वीसले सभेले येते म्हणाली.

ती गेल्यावर मी सासूबाईवर ओरडली. आजवर कधी ओरडली नव्हती. त्या चुलीपाशी जाऊन पाठ करून बसल्या. रातच्याले जेवल्याबी नाहीत. मग मलेच वाईट वाटलं. त्यायनं काही वाईट केलं का? त्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यायच्या दारी झाडलं, अन् आज सरकारी माणूस आपल्या दारी येते तर कमळ काढावं वाटलं. मी ताट वाढून नेलं, तर म्हणतात, "मले आधी काऊन नाही सांगतलं की त्या राखेत तुही सुटका होती?" मी सारं सांगतलं, तुहे पत्र वाचून दाखवले. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माह्यामुळं तुह्या पेट्या जातीन?"

काल रातीबी राख टाकली, पण तो आला नाही. सड्याच्या वासानं बुजला अशीन. नीरजे, माहं मन खचलं वं. काही सुचव.

धम्मशीला

---

लोणार
१९ जानेवारी

धम्मा,

बाई गं! तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. गंमत नाही करत. त्यांनी नकळत आपल्याला वाट दाखवली आहे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी आमच्या अंगणात राख पसरली, शेजारी रांगोळी पसरली, आणि शेजाऱ्यांच्या मांजराला दोन्हींवरून दुधाच्या वाटीकडे चालवलं. राखेत ठसा उमटतो, पण वाऱ्याने कडा ढासळतात. रांगोळीत नखाचं टोकसुद्धा उठून दिसलं, आणि सकाळपर्यंत तसंच राहिलं! तेव्हा राख सोड. केसरबाईंना सांग, कमळ-बिमळ नको, चाळणीतून पांढरी रांगोळी गालिचासारखी अंथरा. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनाच ते जमेल. सडा मात्र नको.

दुसरं, एक पेटी उंच ठेव. लोखंडी पायांवर, कमरेच्या वर, आणि पायांना तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळ. अस्वल असेल तर ते एका धक्क्यात सगळं आडवं करेल. बिज्जू असेल तर पत्र्यावरून घसरत राहील, आणि खाली खुणा ठेवून जाईल. म्हणजे कोण आहे तेही कळेल आणि त्याच्यावर उपाय काय तेही.

मला स्वतःला यायचं होतं गं. पण सव्वीसला शाळेत झेंडा, कवायत आणि माझ्या वर्गाचं लेझीम. रजा नाही. माझा सगळा जीव तिकडे असणार.

आणि खचू नकोस. कॉलेजात गांडूळ कापताना मी डोळे मिटून घ्यायचे तेव्हा माझं काम कोण करून द्यायचं? पहिला नंबर माझा आला, पण हात तुझाच होता. वाटलं तर हे पत्र खिळ्यावर लाव!

तुझी नीरजा

---

बेलखेडी
२७ जानेवारी

नीरजे, नीरजे, नीरजे!

पाह्यला! म्या पाह्यला, सासूबाईनं पाह्यला, अन् जे पाह्यले पाहिजे होतं ते साऱ्या गावानं पाह्यलं. आता बस एका जागी, चहा घे अन् वाच.

तुहं पत्र सासूबाईले वाचून दाखवलं. तुहा साष्टांग नमस्कार आयकून त्या अशा लाजल्या की काय सांगू. मग जे उठल्या त्या थेट अन्नपूर्णाबाईच्या दुकानात. सारी रांगोळी उचलली. अन्नपूर्णाबाईनं विचारलं, "काय वं केसर, लगीन हाय का?" तर म्हणतात, "पाव्हणा येणार हाय." नागसेन सुट्टीवर आला होता, त्यानं जुन्या लोखंडी खाटेचे पाय कापून-जोडून उंच घडवंची करून देली, पत्रा ठोकला. सासूबाईनं रोज सांजेले चाळणी घेऊन अशी रांगोळी अंथरली की बायांले पाय ठेवू वाटेना. कोणी आमराईकडे फिरकलं तर ओरडायच्या. उद्धवभाऊच्या कुत्र्याले तर दोनदा झाडू बसला.

पहिले दिवस कोरे गेले. पंचवीसलेही काही नाही. मी मनातल्या मनात पेट्या कुठं न्यायच्या याचा विचार करत होती. सव्वीसले झुंजुमुंजू होताना सासूबाई म्हणाल्या, चल, झेंड्याच्या आधी पाहून येऊ.

बांधावरून पाह्यलं तर घडवंचीपाशी काही तरी हाललं. नीरजे, तो होता. खरंखुरा. घडवंचीच्या पायाले धरून वर चढायचा, पत्र्यावरून सर्रकन घसरून ढुंगणावर आपटायचा, गुरगुरायचा अन् पुन्हा चढायचा. एवढासा! आपल्या कुत्र्यापेक्षा बुटका. खालून काळा कुळकुळीत अन् पाठीवर जसं कोणी दुधाचं पातेलं उपडं केलं. शेपटीचा नुसता शेंडा. कान शोधले, भेटलेच नाही. तू लिहिलेलं सारं एक एक करून माह्या डोळ्यापुढं चालून राह्यलं होतं. मले रडू फुटलं, अन् तोंडावर पदर दाबून मी हसतबी होती.

सासूबाई कानाशी म्हणतात, "वो माय, यानंच का गावाची झोप उडवली?"

तेवढ्यात त्याले आमचा वास लागला. वळला. अंगावरचे केस फुलवले, खळखळ असा आवाज काढला अन् पळायचं सोडून दोन पावलं आमच्याकडेच आला! काय हिंमत त्या जिवाची! अन् आमच्या सासूबाई? त्यायच्या हातात झाडू होता, तो उगारून म्हणतात, "हट मेल्या! माही रांगोळी!"

तो थबकला. खरंच थबकला वं. मग आमच्याकडे पाठ केली अन् काही घाई नाही, काही भेव नाही, मान खाली घालून दुडक्या चालीनं रांगोळीच्या पार मधोमध चालत नाल्यात उतरला. मी पुढं पळणार तर सासूबाईनं हाताले धरून मागं ओढलं. "ठशावर पाय देशीन." त्यायनं धावत जाऊन कोंबड्या झाकायचं डालगं आणलं अन् सगळ्यात चांगल्या ठशावर उपडं घातलं. अन् तिथंच राखण बसल्या. झेंड्यालेही आल्या नाहीत.

झेंडा झाला, जिलेबी वाटली अन् शाळेच्या पटांगणात सभा बसली. उद्धवभाऊनं ठराव मांडला. मी उभी राह्यली. म्हटलं, मी आज जनावर पाह्यलं, ते अस्वल नाही, बिज्जू हाय. मागून कोणी तरी म्हणे, "मॅडमनं तर पिल्लू लिहिलं होतं!" सारे हसले. दुसरा म्हणे, आपल्या पेट्या वाचवायले कोणीही काही पाहीन. तेव्हा रेणुकाताई उठली, "चला ना मग, आमराई कुठं लांब हाय? सभा तिथंच घेऊ."

अख्खी ग्रामसभा आमराईत. उद्धवभाऊ वाटेत थांबले अन् घराकडे वळले. मले वाटलं रागावून गेले. पण ते आले तेव्हा कडूबाचा हात धरून आले. तोंडाले दुपट्टा बांधलेला कडूबा, इतक्या वर्षांनी चारचौघांत. लोकायनं वाट करून देली. उद्धवभाऊ म्हणाले, "आमच्या घरात अस्वल एकानंच पाह्यलं हाय. तो सांगीन ते खरं."

सासूबाईनं डालगं उचललं. पांढऱ्या रांगोळीत तो पंजा, नीरजे, सुपारी कातरावी तसा स्वच्छ. रेणुकाताईनं टेप काढला, पण कडूबानं तिले हातानं थांबवलं. तो खाली बसला. आपला हात त्या ठशाच्या बाजूले रांगोळीवर ठेवला. उचलला. कधी आपल्या पंजाकडे पाहे, कधी त्याच्या. मग सगळ्यायपुढं त्यानं तोंडावरचा दुपट्टा सोडला. लोकायनं नजर वळवली, तर म्हणे, "पाहा न. पाहा माह्याकडे. हे ज्यानं केलं त्याचा एक पंजा माह्या पुऱ्या तोंडावर बसला होता. हा तर माह्या चार बोटात मावते. हे थे जनावर नाही."

अन् मग हसला वं तो. अर्ध्या तोंडानं हसला. "एवढ्याश्या जिवाले भेऊन तुम्ही बाईच्या पेट्या उठवता का बे?"

रेणुकाताईनं माप घेतलं, फोटो काढले, सभेत सांगून टाकलं की हा बिज्जू, याले मारायचं नाही, फासे लावायचे नाहीत, अन् पेट्या घडवंचीवर ठेवल्या की झालं. ठराव झाला तो पेट्या हटवायचा नाही, साऱ्या पेट्यायले घडवंच्या करायचा. उद्धवभाऊनं स्वतः हात वर केला. अन् निघताना मले बाजूले घेऊन म्हणतात, "वहिनी, यंदा कांदा बियाण्याले फूल लय धरलं हाय, माश्या फिरल्या तर बी भरीन. दोन पेट्या माह्या शेताच्या धुऱ्यावर ठेवता का?" मी म्हटलं, ठेवते, पण तुमचं कुत्रं बांधून ठेवा.

कडूबा काल सांजेले पारावर येऊन बसला होता. दुपट्टा खांद्यावर.

रांगोळीवरून ठसा उतरवता येत नव्हता, फुंकर मारली तरी मोडला असता. म्हणून साडीचं प्लास्टिक हातभर वर धरून पाहून पाहून काढला, कागद सोबत पाठवते. यावेळी दोन पाय वेगळे हायेत. तुह्या वर्गातल्या पोट्ट्यांले दाखव. शेपूट किती विचारलं तर म्हण, माह्या मैत्रिणीनं डोळ्यानं पाह्यली, वीतभरबी नाही!

तुही,
मधवाली धम्मशीला

---

(पोस्टकार्ड)

लोणार
३१ जानेवारी २०२५

बेलखेडीच्या समस्त गावकऱ्यांना, अन्नपूर्णाबाईंच्या दुकानातल्या खिळ्यामार्फत, नमस्कार आणि जय भीम.

मागच्या कार्डात मी अस्वलाचं पिल्लू लिहिलं होतं. ते साफ चूक होतं. तो बिज्जू होता, आणि ते अस्वल नाही हे माझ्या आधी धम्मशीलाने ओळखलं. केसरबाईंची रांगोळी नसती तर ते कुणालाच पटलं नसतं. कडूबादादांना माझा खास नमस्कार. तुमच्या गावचा तो ठसा माझ्या वर्गाच्या भिंतीवर लावला आहे, रोज चाळीस मुलं त्यावर हात ठेवून पाहतात.

९ फेब्रुवारीला, रविवारी, मी पहिल्या बसने येत आहे. मला बिज्जू दिसो न दिसो, मधवालीला पाहायचं आहे.

अन्नपूर्णाबाई, हे कार्ड मुद्दाम उघडं टाकलं आहे. पारावर जाऊन मोठ्याने वाचा. आणि धम्मशीला बरोबर होती, ही ओळ दोनदा वाचा.

नीरजा